मराठवाड्यात मुस्लिम बाई म्हणून रोज घराबाहेर पडताना

काळीमाती

दंगल झाली, दगडफेक झाली, कुणाच्या स्टेटसवरून गाव बंद झालं की या संकेतस्थळावर लगेच चर्चेचे धागे निघतात आणि आठवडाभर चालतात. मार्च २०२३ मध्ये संभाजीनगरच्या किराडपुऱ्यात दंगल झाली तेव्हा निघाले. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसल्याच्या मशिदीत ३० मार्च २०२५ ला जिलेटिनचा स्फोट झाला तेव्हाही निघाले. मला त्या दिवसांबद्दल लिहायचं नाही, मधल्या दिवसांबद्दल लिहायचंय. पेपरात काही नसतं, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी नसते, आणि तरीही मुस्लिम बाई बाहेर पडताना मनातल्या मनात हिशोब घालत असते: कुठल्या रस्त्याने जायचं, तोंड उघडायचं की नाही, कुणी नाव विचारलं तर पूर्ण सांगायचं की अर्धं.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली, आता संभाजीनगरात शिकवते. घरात दखनी, बाहेर मराठी, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून.

घरापासूनच सुरू करते. घर भाड्याने शोधायचं काम आमच्याकडे माझ्याच अंगावर असतं. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट म्हणतो, या मॅडम, लगेच दाखवतो. नाव सांगितलं की आवाज बदलतो. मालकाचा पुतण्या राहायला येणार असतो, नाहीतर सोसायटीत नॉनव्हेज चालत नसतं. नॉनव्हेज मालकाच्या घरीही शिजतं हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. आता मी नमस्काराच्या आधीच नाव सांगते. नकार निदान मुलांसमोर मिळत नाही.

घर नाकारतात ते सगळ्या कुटुंबाला, पण त्याचं ओझं बाईवर जास्त पडतं. पुरुष मोटारसायकल काढून कुठूनही कुठेही जातो. बाईचं तसं नसतं. घर कुठे आहे यावर तिचा बस स्टॉप, तिची लेडी डॉक्टर, गल्लीतला दिवा आणि मुलीचा क्लास ठरतो. क्लास गारखेड्यात, घर कटकट गेटच्या आत. रात्री आठला एकटी रिक्षाने कशी येणार? मग क्लास बंद. गारखेड्यात घर मिळालं असतं तर हा प्रश्नच आला नसता. पण मुलीच्या आयुष्यात नोंद एवढीच राहते की घरच्यांनी क्लास बंद केला.

बस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने आमच्या बायका फार हिंडायला लागल्या. माहेरी, दवाखान्यात, उरुसाला. मलाही त्याचा आनंद आहे. पण बुरखेवाली बाई बसली की शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहते, हेही रोज बघते. गर्दी असेल तर टोमणा येतो, "यांचीच भरती असते." बाई ऐकते आणि खिडकीबाहेर बघते.

हे माझंच रडगाणं नाही. देशातल्या मुस्लिमांची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात हेच लिहून ठेवलंय. बुरखा घेणाऱ्या बायकांना बाजारात, दवाखान्यात, शाळेत, बसमध्ये नीट वागवलं जात नाही, अशा तक्रारी समितीपुढे आल्या होत्या. तेव्हा व्हॉट्सॲपही नव्हतं.

आणि शिकून नोकरी मागायला गेलं तर? 'लेड बाय फाउंडेशन'ने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बायोडेटा सारखाच. फरक नावात. एक हबीबा अली, दुसरी प्रियांका शर्मा. दोन्ही नावांनी एक हजार जाहिरातींना अर्ज केले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. अर्जात कुणी बुरखा बघितला नव्हता, उच्चार ऐकला नव्हता, मटणाचा वास आला नव्हता. फक्त नाव वाचलं होतं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. बाहेर जो टोमणा, जो नकार मिळतो, त्याचा शेवट घरात होतो. मुलगी रडत घरी येते, बाप म्हणतो उद्यापासून जाऊ नको. बाप वाईट नसतो, घाबरलेला असतो. पण वाईट बापालाही तेच निमित्त पुरतं. मुस्लिम बाई मागास आहे, दबलेली आहे, तिची कणव येते, असं म्हणणारे लोक मी रोज वाचते. ती ज्या दारातून बाहेर पडू शकली असती, ते दार त्यांच्याच टोमण्यांनी बंद होतंय, एवढं त्यांनी बघावं.

आपापल्या गावचं लिहा. बघितलेलं लिहा, फॉरवर्ड नको.

मण्यारगल्ली

ताई, मी नुसती वाचायली आजवर, लिवत नाही. आज लिवते.

माझी अम्मी बांगड्या भरती. आमची आज्जी पन भरायची. जिंतूर-सेनगाव पट्ट्यातले आठवडी बाजार, पंचमीच्या टायमाला खेडी, आन लग्नसराईत घरोघर. लग्न ठरलं की वाजंत्रीवाल्याच्या आधी अम्मीला निरोप यायचा. हळदीच्या आदल्या दिवशी जायची. आधी नवरीचा हिरवा चुडा, मग करवल्या, मग मांडवातल्या झाडून साऱ्या बाया, शेवटाला लेकरं. कुन्या घरच्या कुन्या सुनेचा हात दोन-चारचा आन कुनाचा दोन-सहाचा, हे अम्मीला तोंडपाठ. हाताला साबण लावून, अंगठ्याखालचं हाड दाबून अशी सरकवायची की नवरीला कळायचं पन नाही. पैशे भेटायचे, वरून पायलीभर जवारी, खण-नारळ. बाळंतपणाला आलेल्या लेकी अम्मीजवळ जे बोलायच्या ते सासूजवळ बोलायच्या नाहीत. अम्मीनं कधी इकडचं तिकडं केलं नाही.

आता मोबाईलवर येतं ना, आपल्याच मान्सांकडून खरेदी करा म्हनून. तोंडावर कोनी नाही म्हनत नाही. "भाभी, औंदा शहरातून आनल्या बांगड्या" म्हनत्यात. म्हाताऱ्या बाया अजून बोलिवत्यात. एका घरी सासूनं निरोप धाडला, अम्मी पिशवी घेऊन गेली, तर पोरगा दारात आडवा झाला. सासू आतून बोलायली, ह्यो ऐकंना. अम्मी माघारी आली. त्या बाईच्या सगळ्या लेकीचे चुडे अम्मीनंच भरलेले.

ताई तुम्ही घराबद्दल लिवलं ना, तसंच हे. बांगड्याचा पैसा अम्मीच्या हातात ऱ्हायचा. अब्बाला मागायची गरज नव्हती. माझी बारावीची फी, क्लासची फी, मोबाईल, सगळं त्या पैशातून. अब्बा म्हनायचे एवढं शिकवून काय करायचं, अम्मी म्हनायची मी भरते, तुमी गप बसा. आता अम्मी आमच्या गल्लीतच बसती. गल्लीतल्या बायांना किती बांगड्या लागनार? धाकटी दहावीला हाय. तिच्या टायमाला अम्मीला तसं बोलता येईल का नाही, मला म्हाईत नाही.

देवगिरी_किल्ला

काळीमाती ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून लिहितो, राग मानू नका.

घर नाकारणं चूक आहे, मान्य. पण बुरखा कुणी लादला? तीन तलाक कुणी दिले? आमच्या धर्मातल्या वाईट चालींवर आम्ही बोलतो, तुमच्यात कोण बोलतं? दुसरं म्हणजे मराठवाड्याचा इतिहास. माझ्या आजीने निझामाच्या काळात रझाकारांच्या, म्हणजे त्याच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने शेतात रात्री काढल्यात. ते दुखणं घराघरात आहे, कुणी व्हॉट्सॲपवर तयार केलेलं नाही. लोकांच्या मनात भीती का बसली, याचाही विचार व्हायला हवा.

काळीमाती

दादा, राग नाही. विचारलंत ते बरं झालं.

मी बुरखा घालत नाही, ओढणी घेते. माझी जाऊ बुरखा घालते. आम्हा दोघींना घर नाकारलं त्याचं कारण एकच होतं. म्हणजे बुरखा हे कारण नव्हतंच.

आमच्यात कोण बोलतं? १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायका तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. समाजसुधारक हमीद दलवाईंनी तो घडवून आणला होता. सात जणी, त्या काळात, सगळ्या समाजाच्या रागाला तोंड देऊन. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तो शायरा बानो नावाच्या बाईने केलेल्या याचिकेवर. तिच्यासोबत आणखी मुस्लिम बायका होत्या. त्याही कोर्टाची पायरी चढल्याच ना?

आज माझ्यासारखी बाई मोहल्ल्यात असा विषय काढते तेव्हा काय ऐकून घेते ते सांगते. "बाहेर काय चाललंय दिसत नाही का? आता हे विषय काढायची वेळ आहे का?" समाजावर बाहेरून दगड पडत असले की आतल्या बाईला गप्प करणं सगळ्यात सोपं होतं. ज्यांना खरंच वाटतं की आम्ही आमच्या हक्कासाठी घरात बोलावं, त्यांनी बाहेरचे दगड थांबवायला मदत करावी. मला दोन्हीकडे भांडायचंय, दादा. पण एका वेळी दोन्हीकडे पाठ उघडी ठेवून भांडता येत नाही.

रझाकारांचं उत्तर मी देण्याऐवजी कुणी जाणत्याने द्यावं.

गोदाकाठ

जाणता वगैरे नाही, पण वयाने मोठा आहे. आमच्या घरातले दोघे निझामाविरुद्धच्या स्वामी रामानंद तीर्थांच्या सत्याग्रहात होते, एक गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. रझाकारांच्या आठवणी मी पुस्तकात वाचलेल्या नाहीत, माजघरात ऐकलेल्या आहेत. तेव्हा देवगिरी यांच्या आजीचं दुखणं खरं आहे, त्यात तसूभर शंका नाही.

पण आठवणी सांगायच्या तर सगळ्या सांगाव्यात. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहायचे, भारतात विलीन व्हा म्हणायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांच्या माणसांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं. मुसलमान होते ते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडा लावतो तेव्हा त्यांचं नाव किती ठिकाणी घेतलं जातं?

आणि पोलीस ॲक्शननंतरचं, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या त्यानंतरचं काय? नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. त्या काळात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, बाकीचे दोन गुलबर्गा आणि बीदर. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि बायकांना पळवून नेल्याच्या, अत्याचाराच्या नोंदी त्यात आहेत. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. आमच्या गावातल्या एका मुसलमान घरातही एक आजी होती, तिनेही शेतात रात्री काढल्या होत्या. आमच्या आजीने रझाकारांच्या भीतीने, तिने त्यानंतरच्या महिन्यात. दोघी एकमेकींकडे ताक न्यायच्या.

मण्यारगल्लीच्या आईला १९४८ चा जाब विचारून उपयोग नाही. तेव्हा तिचा जन्मही नव्हता.

देवगिरी_किल्ला

काका, शोएबुल्ला खान यांच्याबद्दल मला माहीत नव्हतं. सुंदरलाल अहवालातल्या आकड्यांवर मतभेद आहेत, तरी वाचतो. इतर मुद्द्यांवर माझं मत पूर्ण बदललेलं नाही. बांगड्यांचं वाचून मात्र वाईट वाटलं. आमच्याकडेही एक भाभी यायच्या. हल्ली येतात की नाही, घरी विचारतो.

उपकेंद्र

हिंगोली जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. बाळंतपणाच्या खोलीतलं लिहिते, कारण तिथे बाई सगळ्यात हतबल असते.

मुस्लिम बाई कळा देत आली की पहिला प्रश्न, "कितवं?" तो सगळ्यांनाच विचारतात, केस पेपरवर लिहावाच लागतो. पण विचारण्याचा सूर वेगळा असतो. पहिलटकरणीलाही "आता दरवर्षी दिसशील" म्हटलेलं मी ऐकलंय. कळांनी तळमळणाऱ्या पोरीला. ती पोर पुढच्या तपासणीला येत नाही, आणि मग आम्हीच म्हणतो, हे लोक तपासणीला येत नाहीत.

मुलांच्या संख्येचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये २.३६. देशातल्या सगळ्या धर्मांत एवढी मोठी घट याच समाजात आहे. हे कुणी केलं? याच बायकांनी केलं. तांबी बसवायला, ऑपरेशनला त्या स्वतः येतात, कधी कधी घरी न सांगता येतात. मी त्यांना बघितलंय. आणि त्यांच्याच तोंडावर आपण हा टोमणा मारतो, याचा मला फार संताप येतो.

कोविडमध्ये २०२० ला दिल्लीच्या तबलिगी जमातीच्या मेळाव्याने रोग पसरला असं सुरू झालं तेव्हा भाजी विकणाऱ्या बागवान बायकांना गल्लीत येऊ देत नव्हते. सर्वेक्षणाला गेलं तर मुस्लिम वस्तीत दारं उघडत नव्हती. दोन्हीकडची भीती मी पायी फिरून बघितली.

खंडपीठ_रोड

उपकेंद्र ताईंनी तबलिगीचा विषय काढलाय म्हणून. २१ ऑगस्ट २०२० ला आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने, न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी, तबलिगच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले. संकट आलं की सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या लोकांना तसं निवडलं गेलं असण्याची शक्यता दिसते, असं त्या निकालात स्पष्ट लिहिलंय. माध्यमांनी केलेल्या प्रचारावरही ताशेरे आहेत. निकाल आला तेव्हा पेपरात आतल्या पानावर होता. बागवान बायकांची गिऱ्हाइकं काही त्याने परत आली नाहीत.

वकिली करते, म्हणून कायद्याचं जे खरं आहे ते सांगते. उगाच आशा लावत नाही.

घराच्या बाबतीत हात बांधलेले आहेत. संविधानाचं कलम १५(२) दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता इथे धर्मावरून अडवायला मनाई करतं, खासगी घरमालक त्यात सरळ येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सहकारी संस्थेला सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू दिलं, तेव्हापासून ही वाट आणखी अरुंद झाली.

व्यापारावरच्या बहिष्काराचं तसं नाही. इथे बरेच जण महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार कायद्याकडे बोट दाखवतात. तो २०१६ चा कायदा जातपंचायतीसारख्या, एकाच समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्यासाठी आहे. मण्यारगल्लीच्या आईला तो लागू पडत नाही. पण कुणी जाहीर आवाहन करत असेल, मेसेज फिरवत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दल. २८ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतः गुन्हा नोंदवावा. ग्रामपंचायतीने असा ठराव केला तर तो टिकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदीचा ठराव केला होता, प्रशासनाने तो चालू दिला नाही. मढी पाथर्डी तालुक्यात, पण यात्रेला बीडकडची किती माणसं जातात हे सांगायला नको.

बसमध्ये, रस्त्यात बाईला घाणेरडं बोलणं, बुरखा ओढणं यासाठी कलम ७९ आणि ७४. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

आता अडचण. बाई ठाण्यात जात नाही. गेली तर सोबत भाऊ येतो, भाऊ तापलेला असतो, आणि बघता बघता भावावरच गुन्हा दाखल होतो. हे मी बघितलंय. म्हणून बायांनो, जाताना सोबत बाई घ्या. वकील नसली तरी चालेल, शिक्षिका, आशाताई, कुणीही.

संपादक मंडळ

वैयक्तिक शेरेबाजी आणि एका गावाचं नाव घेऊन केलेले आरोप असलेले प्रतिसाद काढले आहेत. चर्चा चालू राहू द्या.

बिंदुसरा

काढून टाकलेले प्रतिसाद मी वाचले होते. आणखी काही लिहित नाही त्यावर.

मी बीडची. 'सुल्ली डील्स' आठवतं का कुणाला? जुलै २०२१. मग १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई'. बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो ॲपवर टाकून लिलाव मांडला होता. पत्रकार होत्या, वैमानिक होती, बेपत्ता मुलाची वाट बघणारी म्हातारी आई पण होती. मुंबई पोलिसांनी पोरं पकडली ती कॉलेजच्या वयाची निघाली, त्यात एक मुलगी होती.

तेव्हा आमच्या घरात काय झालं ते सांगते. माझा कुठेही फोटो नव्हता, मी काही प्रसिद्ध नाही. पण माझ्या नवऱ्याने मोबाईल मागून घेतला आणि फेसबुक काढून टाकलं. नणंदेचं इन्स्टाग्राम बंद. बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा डीपी काढला, तिथे गुलाबाचं फूल लावलं. दिल्ली-मुंबईच्या बायकांवर जे झालं त्याची शिक्षा बीडमध्ये आम्ही भोगली. नवऱ्याशी भांडले तर तो म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच. आणि खरं सांगू, त्याच्या डोळ्यांत भीती होती, मग मला पुढे बोलता आलं नाही. काळीमाती यांनी लिहिलेलं वाचून वाटलं, हे मला तेव्हा नीट मांडता आलं असतं तर.

बचत गटात मात्र मी जाते. ते सोडलं नाही. गटात आम्ही दोघी मुस्लिम, बाकी मराठा आणि वंजारी बायका. आमच्या अध्यक्षबाई मीटिंगची वेळ सांगायला स्वतः घरी येतात, नवऱ्यासमोर चहा घेतात, आणि "उद्या चारला पाठवा हो हिला" म्हणून जातात. त्या आल्या की तो नाही म्हणू शकत नाही. असं एखादं माणूस असलं की पुरतं.

ट्यूशन_एरिया

मी इथे नवीन आहे. लातूरला नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते, रिपीट आहे. आम्ही मूळचे उदगीरकडचे.

लातूर पॅटर्नसाठी सगळीकडून मुलं येतात, ट्यूशन एरियात पावलापावलावर मुलींचं हॉस्टेल आहे. बऱ्याच ठिकाणी "फुल्ल आहे" म्हणाले. माझ्यामागून आलेल्या मुलीला त्याच ठिकाणी बेड मिळाला, आम्ही खालीच उभे होतो. एका मावशींनी स्पष्ट सांगितलं, बाकी मुलींचे पालक कटकट करतात. त्यांनी खोटं तरी सांगितलं नाही. आता मी एका नातेवाइकांकडे राहते, ते क्लासपासून लांब आहेत आणि घरात लहान मुलं आहेत. अभ्यास रात्री सगळे झोपल्यावर होतो.

मी हिजाब घेते, माझ्या मर्जीने घेते, माझी आई नाही घेत. नीटच्या परीक्षेला चालतो, फक्त तपासणीसाठी लवकर जावं लागतं, ते नियमातच आहे. पण क्लासमध्ये मागून कुणीतरी रोज काहीतरी बोलतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर तर एकाने माझ्या बाकावर पेनाने लिहून ठेवलं होतं. सरांना सांगितलं, त्यांनी बाक बदलून दिला.

अब्बूंना हे काही सांगितलं नाही. सांगितलं तर घेऊन जातील. आधीच म्हणतात बीएससी कर उदगीरला राहून. कृपया माझा प्रश्न असा आहे की, क्लासच्या जवळ, मुस्लिम मुलीला ठेवतील असं कुणाला माहीत आहे का? आणि क्लासवाले हिजाब काढायला लावू शकतात का? अजून कुणी म्हणालं नाही, पण कुजबुज आहे.

खंडपीठ_रोड

बाळा, हिजाबवर बंदी घालणारा राज्याचा कुठलाही कायदा महाराष्ट्रात नाही. कर्नाटकात २०२२ मध्ये जे झालं ते तिथल्या सरकारच्या आदेशावरून. उच्च न्यायालयाने तो आदेश १५ मार्चला उचलून धरला आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत एकमेकांविरुद्ध गेलं. तो प्रश्न अजून निकाली नाही. चेंबूरच्या एका कॉलेजने गणवेशाचं कारण देऊन बंदी घातली, तेव्हा ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला मात्र मोकळीक दिली नाही. खासगी क्लासला सरकारी कॉलेजसारखे नियम सरळ लागू होत नाहीत, म्हणून आधीच एक कर. प्रवेश घेताना दिलेला नियमांचा कागद आणि फीची पावती जपून ठेव. त्यात पोशाखाचा नियम नसेल तर मध्येच नवा नियम काढून फी बुडवता येणार नाही, त्यासाठी ग्राहक आयोग आहे. बाकावर लिहिलेल्याचा फोटो काढला होतास का? पुढे काही झालं तर आधी फोटो, मग पुसायचं.

गोदाकाठ

लातूरला माझी भाची राहते, शिक्षिका आहे, क्लासेसपासून पायी अंतरावर. मुलगा बाहेरगावी गेल्यापासून वरची खोली रिकामी आहे. तिला विचारून कळवतो.

ट्यूशन_एरिया

काका, त्यांना आधीच माझं नाव सांगा प्लीज. नंतर कळून नको.

गोदाकाठ

आधीच सांगितलं. ती म्हणाली, सकाळी साडेपाचला पाणी येतं, उठून भरावं लागेल, आणि रात्री दहानंतर जिना बंद. भाडं तिच्याशीच बोल. सोबत आणखी एक मुलगी ठेवायची तिची तयारी आहे. स्वयंपाकाचं तुझं तू बघ, गॅस वेगळा आहे.

काळीमाती

ट्यूशन_एरिया, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. खोली बघायला एकटी जाऊ नको, अब्बूंना घेऊन जा. त्यांनी स्वतः जिना बघितला, मॅडमशी बोलले, खाली कोण राहतं ते कळलं, तर ते तुला राहू देतील. बाकावरचं सांगायचं की नाही ते तू ठरव, पण खोली पक्की झाल्यावर. शनिवारी मीही लातूरला आहे, नणंदेकडे. तुझी आई येणार असेल तर मला आधी कळव, स्टँडवर घ्यायला येते.

मण्यारगल्ली

दुसरी पोरगी पायजे असंल तर माझी चुलत बहीन औंदा बारावीला हाय, नीटचं करायचं म्हनती. चाची हो म्हनायली, चाचाचं ठरायचंय. काका, भाचीताईंचा नंबर व्यनित द्या, अम्मी बोलती त्यांच्याशी.